उपकारक भेसळ

भेसळ हा शब्द आपल्या भाषेंत चांगल्या अर्थानें क्वचितच येतो. दुधांत पाणी, तुपांत चरबी, मिरपुडींत पपईच्या बिया. भेसळ म्हटली कीं लबाड दुकानदार डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु पदार्थविज्ञानांत एक प्रांत असा आहे, कीं तेथें शुद्ध वस्तु बहुधा निरुपयोगी ठरते, व मोजूनमापून केलेली भेसळच तिला कामाची करते. या भेसळीस इंग्रजींत डोपिंग म्हणतात. शर्यतींतील खेळाडू चोरून औषधें घेतात त्यासही हाच शब्द लावण्याची रीत असल्यामुळें वर्तमानपत्रें वाचणारास तो ऐकून ठाऊक असेल. परंतु येथें त्याचा अर्थ अगदीं निराळा आहे. सेंद्रिय, म्हणजे कार्बनाच्या संयुगांपासून बनलेल्या, अर्धवाहकांत ही भेसळ केल्यानें ट्रॅन्झिस्टर सुधारतो कीं बिघडतो, हा प्रश्न गेलीं कित्येक वर्षें शास्त्रज्ञांपुढें आहे. त्याची हकीकत आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस समजेल अशा रीतीनें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम सिलिकनचें उदाहरण घेऊं, कारण तें सोपें आहे. शुद्ध सिलिकनच्या एका घन सेंटिमीटरांत सुमारें ५ वर २२ शून्यें इतके अणु असतात. परंतु नेहमींच्या उष्णतेस त्यांत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन केवळ १ वर १० शून्यें इतकेच सांपडतात. एवढ्या मोठ्या पसाऱ्यांत हे जवळजवळ नसल्यासारखेच. आतां पन्नास लाख अणूंमागें एक अणु फॉस्फरसचा घातला, तर मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या सुमारें दहा लाख पटींनीं वाढते. फॉस्फरसपाशीं सिलिकनहून एक इलेक्ट्रॉन अधिक असतो, व तो मोकळा सुटतो. फॉस्फरसऐवजीं बोरॉन घातला तर उलट होतें. बोरॉनपाशीं एक इलेक्ट्रॉन कमी. म्हणून एक जागा रिती राहते, आणि ही रिती जागाच विद्युत् वाहून नेते.

रिती जागा कशी चालेल, अशी शंका कोणास येईल. वर्गांत एका लांब बाकावर दहा मुलें बसलीं आहेत व पहिली जागा मोकळी आहे असें समजा. दुसरा मुलगा पहिल्या जागीं सरकतो, तिसरा दुसऱ्या जागीं, याप्रमाणें सर्व सरकलीं म्हणजे मोकळी जागा शेवटीं जाऊन पोंचते. सरकलीं मुलें पुढें. परंतु पाहणारास असें वाटेल कीं मोकळी जागाच मागें चालत गेली. रित्या जागांच्या या प्रवाहास धन प्रकारचा, व इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहास ऋण प्रकारचा, असें आम्ही या लेखांत म्हणूं.

आतां सेंद्रिय पदार्थांकडे वळूं. मेण, रबर, राळ, प्लॅस्टिक हीं सर्व कार्बनाचीं संयुगें, आणि हीं सर्व विद्युत् अडविणारीं. विजेच्या तारेवर रबराचें किंवा प्लॅस्टिकचें वेष्टण घालतात तें याच गुणामुळें. परंतु कार्बनाच्या ज्या संयुगांत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीनें येतात, त्यांची गोष्ट वेगळी आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत बेन्झीनचें षट्कोनी वलय सर्वांनीं पाहिलेंच आहे. अशीं पांच वलयें एका ओळींत जोडलीं म्हणजे पेन्टासीन नांवाचें द्रव्य होतें. त्यांत इलेक्ट्रॉन एका बंधाशीं जखडून न राहतां सबंध रेणूवर पसरलेले असतात. म्हणून असें द्रव्य पुरता रोधकही नव्हे व पुरता वाहकही नव्हे. तें अर्धवाहक होय.

अशा द्रव्यांत भेसळ करून वाहकता वाढविण्याची कल्पना आजकालची नाहीं. १९५४ सालीं जपानांतील तीन शास्त्रज्ञांनीं पेरिलीन नांवाच्या संयुगांत ब्रोमीन मिसळून तें चांगलें वाहक होतें असें दाखविलें होतें, आणि १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांत आयोडीन मिसळलेल्या पॉलिपायरोलविषयीं तसाच अनुभव आला होता. परंतु जगाचें लक्ष वेधलें तें पॉलिअॅसिटिलीनच्या गोष्टीनें, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९६७ सालीं टोकियोच्या तांत्रिक विद्यापीठांत हिदेकी शिराकावा हे अॅसिटिलीन वायूपासून पॉलिमर बनविण्याचे प्रयोग करीत होते. या प्रयोगांत नेहमीं काळी भुकटी हातीं येई. एके दिवशीं पाहुणे म्हणून आलेल्या एका संशोधकाकडून उत्प्रेरक द्रव्य हजारपट अधिक पडलें, आणि भुकटीऐवजीं पातेल्यांतील दुधावर साय धरावी तशी द्रावणाच्या पृष्ठभागावर रुपेरी चकाकणारी पातळ चकती जमली. शिराकावांनीं ती फेंकून दिली नाहीं. ती कशी झाली याचा शोध करून त्यांनीं ती पुन्हां पुन्हां बनविण्याची रीत बसविली. १९७५ सालीं न्यूझीलंडांत जन्मलेले व अमेरिकेंत अध्यापन करणारे अॅलन मॅक्डायर्मिड जपानांत आले असतां चहाच्या वेळीं दोघांची गांठ पडली, व ती चकती पाहून मॅक्डायर्मिड यांनीं शिराकावांस फिलाडेल्फियास बोलाविलें. तेथें अॅलन हीगर हे पदार्थविज्ञानाचे अध्यापक त्यांस मिळाले. १९७६ च्या नोव्हेंबर महिन्यांत चकतीस ब्रोमीनची वाफ देतांच तिची वाहकता एकाएकीं वाढली. पुढें आयोडीन देऊन पाहिलें. वाढ सुमारें एक कोटि पटींची होती! हा शोध १९७७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २००० सालीं तिघांस मिळून रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. जखमेवर लावतों त्या टिंक्चरांतलें तें आयोडीन!

येथें आयोडीन काय करतें? तें पॉलिमरपासून इलेक्ट्रॉन ओढून घेतें, व मागें रिती जागा राहते. म्हणजे बोरॉनचेंच काम. परंतु सिलिकनमध्यें बोरॉनचा अणु सिलिकनच्या अणूची जागा घेऊन जाळींत घट्ट बसतो. येथें परकें द्रव्य रेणूंच्या फटींत जाऊन बसतें. आणि सिलिकनला लाखांत एक पुरेसें होतें, तर येथें शंभरांत एक, पांच, क्वचित् त्याहूनही पुष्कळ अधिक घालावें लागतें. भेसळीस विरजणाचा दाखला देण्याचा मोह होतो, परंतु तो चालणार नाहीं. विरजण दुधांत वाढत जातें, हें परकें द्रव्य जेवढें घातलें तेवढेंच राहतें. मिठाचा दाखला अधिक बरा. मीठही कमी पडलें तर पदार्थ अळणी व अधिक पडलें तर फुकट.

इतकें अधिक कां लागतें? कारण सेंद्रिय पदार्थांत विरुद्ध विद्युद्भारांचें आकर्षण फारसें शमत नाहीं. इलेक्ट्रॉन घेतलेला परका रेणु ऋण झाला, व मागें राहिलेली रिती जागा धन झाली. दोहोंस एकमेकांची ओढ लागते. सिलिकनचा पराविद्युत् स्थिरांक ११.७ आहे, म्हणजे तेथें ही ओढ सुमारें बारा पटींनीं क्षीण होते. सेंद्रिय पदार्थांत हा अंक केवळ ३ ते ४ असतो. दोन भारांमध्यें १ नॅनोमीटर अंतर धरून हिशेब केला तर बांधून ठेवणारी ऊर्जा सुमारें ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, आणि खोलींतील उष्णतेनें मिळणारी ऊर्जा असते ०.०२५. सोळापट जड बेडी ती! सिलिकनमधील फॉस्फरसचा इलेक्ट्रॉन ०.०४५ इतक्याच बेडीनें बांधलेला असल्यामुळें सहज सुटतो. सेंद्रिय पदार्थांत जवळजवळ प्रत्येक परका रेणु आपला इलेक्ट्रॉन घेतो, तरी पुष्कळ वेळां शंभरांतील पांचच रित्या जागा खरोखर मोकळ्या फिरतात, बाकीच्या आपल्या जोडीदाराभोंवतीं घुटमळत राहतात. भेसळ वाढविली म्हणजे या भारांचीं आकर्षणें एकमेकांत मिसळून बेडी सैल होते, आणि प्रवाह जोरानें वाढूं लागतो.

वाहक तार करावयाची असती तर गोष्ट येथेंच संपली असती. परंतु आपणांस ट्रॅन्झिस्टर करावयाचा आहे, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

ट्रॅन्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ले यांनीं लावला व १९५६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, हें सर्वश्रुत आहे. येथें ज्या प्रकारच्या ट्रॅन्झिस्टरचा विचार आहे तो समजण्यास पाटाच्या पाण्याचा दृष्टांत पुरे. शेतांत एका टोकास पाणी येतें, दुसऱ्या टोकास जातें, आणि मध्यें फळी घालून तें अडवितां येतें. ट्रॅन्झिस्टरांतही एक उगम, एक निर्गम व मध्यें द्वार असें असतें. त्यांस इंग्रजींत सोर्स, ड्रेन व गेट म्हणतात. द्वार अर्धवाहकास प्रत्यक्ष शिवत नाहीं. मध्यें रोधकाचा पातळ थर असतो. द्वारावर योग्य विद्युद्दाब दिला म्हणजे रोधकापलीकडे अर्धवाहकाच्या अगदीं काठाशीं विद्युद्भार गोळा होतात व उगमापासून निर्गमापर्यंत वाट खुली होते. दाब काढला कीं वाट बंद. सेंद्रिय पदार्थाचा असा ट्रॅन्झिस्टर १९८६ सालीं जपानांतील मित्सुबिशी कंपनीच्या संशोधकांनीं पॉलिथायोफीनपासून बनविला.

ट्रॅन्झिस्टरची योग्यता दोन गोष्टींवरून पाहतात. खुला असतां त्यांतून प्रवाह किती जोरानें जातो ही एक, आणि बंद असतां तो खरोखर किती बंद असतो ही दुसरी. पहिलीचें माप म्हणजे भारांची चलनशीलता. सिलिकनच्या स्फटिकांत इलेक्ट्रॉनांची चलनशीलता प्रचलित परिमाणांत सुमारें १४०० असते. १९८६ च्या त्या ट्रॅन्झिस्टरांत ती सुमारें एक लक्षांश होती. पुढें पेन्टासीनच्या पातळ थरांत ती १ च्या आसपास पोंचली, म्हणजे जुन्या धर्तीच्या सपाट दूरदर्शन-पडद्यांमागें असणाऱ्या अस्फटिक सिलिकनची बरोबरी झाली. रुब्रीनच्या एकसंध स्फटिकांत तर ती २० वर गेली. ही प्रगति मुख्यत्वें द्रव्य अधिक शुद्ध करून व रेणूंची रचना सुधारून झाली हें लक्षांत ठेवावें.

मग भेसळीनें काय साधावें? कोणी म्हणेल, भेसळीनें भारांची संख्या कोटि पटींनीं वाढते, तर सबंध थरांत ती करून टाकावी. प्रवाह आपोआप वाढेल. प्रवाह वाढतो खरा. परंतु तो द्वार बंद केल्यावरही वाहत राहतो! द्वाराचा प्रभाव अर्धवाहकाच्या काठापासून थोड्या अंतरापर्यंतच पोंचतो. थर जाड असला किंवा भेसळ जड असली, तर दूरचे भार द्वारास हांकलून लावतां येत नाहींत. फळी घातली तरी पाटाच्या तळाखालून पाणी झिरपत राहावें तशी गत होते. असा ट्रॅन्झिस्टर म्हणजे मालविल्यावरही अर्धवट जळत राहणारा दिवा. हिशेबाच्या यंत्रांत त्याचा उपयोग शून्य, आणि विजेरी मात्र फुकट झिजते. म्हणूनच पुष्कळ वर्षें सेंद्रिय ट्रॅन्झिस्टर बनविणारे लोक भेसळ म्हटली कीं हात आंखडीत. त्यांची भीति आम्हांस वाजवी वाटते. अडचण किती घालावें एवढीच नव्हती. कोठें घालावें हें आधीं ठरवावयास पाहिजे होतें.

या प्रश्नाचें सर्वांत समाधानकारक उत्तर म्हणजे टोकांशीं घालावें. उगम व निर्गम हे बहुधा सोन्यासारख्या धातूचे असतात. धातूंतून सेंद्रिय थरांत शिरतांना भारांस एक ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो. हा उंबरठा उंच असेल तर आंत वाट कितीही प्रशस्त असून उपयोग नाहीं. धातू व अर्धवाहक यांच्यामध्यें कांहीं नॅनोमीटर जाडीचा, चांगली भेसळ केलेला थर घातला तर उंबरठा इतका अरुंद होतो, कीं भार त्यावर न चढतां त्यांतून आरपार जातात. ही कल्पना सिलिकनच्या कारखान्यांतून घेतलेली आहे. तेथें धातूखालीं जड भेसळीची पट्टी घालण्याची वहिवाट जुनी आहे.

टोकांचा हा रोध किती महत्त्वाचा आहे तें थोड्या अंकगणितानें पटेल. समजा, मधल्या मार्गाचा रोध ९० व दोन्ही टोकांचा मिळून १०, एकूण १००. यंत्र जलद चालावें म्हणून मार्ग दहापट आंखूड केला. मार्गाचा रोध ९ झाला, परंतु टोकांचा १० तसाच राहिला, एकूण १९. प्रवाह दहापट वाढावा अशी अपेक्षा, आणि वाढला तो सव्वापांच पटच. आणखी आंखूड करावें तर टोकांचा रोधच सर्वस्व होऊन बसतो. ट्रॅन्झिस्टर लहान व जलद करण्याची सर्व धडपड या टोकांपाशीं येऊन अडते, आणि तेथें भेसळीवांचून दुसरा राजमार्ग आम्हांस तरी दिसत नाहीं.

टोकांच्या रोधाचा आणखी एक परिणाम आहे, व तो शास्त्राच्या सचोटीशीं संबद्ध असल्यामुळें येथें थोडें थांबतों. चलनशीलता प्रत्यक्ष मोजीत नाहींत. द्वाराचा दाब वाढवीत प्रवाह कसा वाढतो याचा आलेख काढून त्याच्या चढावरून ती काढतात. टोकांशीं उंबरठा असला म्हणजे प्रारंभीं प्रवाह दबून राहतो, आणि द्वाराच्या दाबानें तो उंबरठाच जेव्हां खालीं येतो तेव्हां प्रवाह एकदम उसळतो. त्या उसळीचा चढ धरून हिशेब केला तर चलनशीलतेचा अंक दहापट किंवा त्याहूनही अधिक फुगूं शकतो. २०१६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंतील संशोधकांनीं हें उघड करून दाखविलें, आणि अनेक मोठमोठ्या अंकांविषयीं शंका उत्पन्न झाली. येथें कोणी लबाडी केली असें नव्हे. सूत्र ज्या गृहीतावर उभें होतें तें तेथें लागू नव्हतें इतकेंच.

परंतु या क्षेत्रानें लबाडीही पाहिली आहे. द्वाराच्या दाबानेंच सेंद्रिय स्फटिकांत अपरंपार भार भरून, म्हणजे परकें द्रव्य न घालतां भेसळीचा परिणाम साधून, आश्चर्यकारक गुण दाखविल्याचे दावे बेल प्रयोगशाळेंतील यान हेंड्रिक श्योन यानें २००० सालापासून एकामागून एक केले. जगभर प्रयोगशाळांनीं तसें करून पाहण्यांत दिवस घालविले; कोणासही यश आलें नाहीं. पुढें कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांत बारीकसारीक थरथर हुबेहूब एकच आहे. थरथर तर प्रत्येक वेळीं वेगळीच असावयाची! चौकशी समितीनें २००२ सालीं चोवीस आरोपांपैकीं सोळा सिद्ध झाल्याचा निर्णय दिला, व निबंध मागें घेण्यांत आले. ट्रॅन्झिस्टर जेथें जन्मला त्याच संस्थेंत हें घडावें याचें वाईट वाटतें. ज्या तरुण संशोधकांनीं त्या आंकड्यांमागें धांवण्यांत आपलीं उमेदीचीं वर्षें खर्चिलीं त्यांचें अधिकच वाटतें.

असो. भेसळीची दुसरी जागा म्हणजे मधला मार्गच. परंतु तेथें हात फार आंवरून घालावी लागते. सेंद्रिय थर कितीही काळजीनें केला तरी त्यांत दोष राहतात. रेणु वांकडे बसतात, दोन स्फटिककण नीट जुळत नाहींत. असे दोष म्हणजे भारांस अडकविणारे खळगे. पावसाच्या पहिल्या सरीस रस्त्यावरून पाणी वाहत नाहीं, आधीं खड्डे भरतात. मग पुढचें पाणी वर वाहूं लागतें. त्याचप्रमाणें अत्यल्प भेसळीनें आलेले भार प्रथम खळगे बुजवितात, व नंतर द्वारानें गोळा केलेले भार विनाअडथळा धांवतात. मात्र ही मात्रा ओलांडली कीं परक्या रेणूंचे आयनच नवे खळगे होऊन बसतात, आणि गळतीही सुरू होते.

शिवाय वाट किती दाबास उघडावी हेंही भेसळीनें ठरवितां येतें. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील कार्ल लिओ यांच्या मंडळींनीं २०१३ सालीं पेन्टासीनच्या ट्रॅन्झिस्टरांत रोधकालगत अतिशय पातळ भेसळीचा थर घालून, त्याची जाडी व मात्रा बदलून हा उघडण्याचा दाब पाहिजे तसा मागेंपुढें सरकवून दाखविला. पुष्कळ ट्रॅन्झिस्टर जोडून मंडल बनवितांना हा दाब हातचा असणें अत्यंत आवश्यक असतें.

आतां हें परकें द्रव्य कोणतें घेतात? आयोडीन व ब्रोमीन उडून जातात, व यंत्राच्या इतर भागांसही खातात. म्हणून मोठ्या रेणूंचा शोध झाला. त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध रेणूचें नांव लांबलचक असल्यामुळें त्यास एफ-चार-टीसीएनक्यू या संक्षेपानेंच ओळखतात. त्यांतील चार फ्लुओरीन अणु व चार सायनो-गट मिळून इलेक्ट्रॉन ओढण्याची त्याची शक्ति सुमारें ५.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते, त्यामुळें पेन्टासीन किंवा पॉलिथायोफीन यांच्यापासून इलेक्ट्रॉन घेणें त्यास जड जात नाहीं. दोष त्याचा एकच, परंतु मोठा: तो रेणु लहान असल्यामुळें एका जागीं स्थिर राहत नाहीं. टोकांशीं घातलेली भेसळ हळूहळू मार्गांत शिरते, आणि आज उत्तम चालणारा ट्रॅन्झिस्टर कांहीं काळानें गळूं लागतो. सिलिकनमध्यें फॉस्फरस जाळींत बंदिस्त असतो. येथें शेजाऱ्यास धरून ठेवणारे बंध दुबळे. याकरितां अधिक अवजड रेणु योजतात. द्रावणांतून थर करतांना आणखी एक खोडी आढळते. पॉलिमर व परकें द्रव्य एकत्र विरघळविलें तर त्यांच्या गुठळ्या होऊन थर खडबडीत बसतो. म्हणून आधीं शुद्ध पॉलिमरचा थर नीट जमवून मग वरून परक्या द्रव्याचें द्रावण देण्याची रीत निघाली. आम्हांस ही साधी युक्ति फार आवडली.

ऋण प्रकारची भेसळ याहूनही बिकट आहे. इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यास जो रेणु उत्सुक, तो अर्धवाहकास देण्यापूर्वीं हवेंतील प्राणवायूसच देऊन बसतो. इलेक्ट्रॉनांस अडकविणारे खळगेही अधिक. २०१२ सालीं अनेक पॉलिमरांची तुलना केली असतां ते सर्वांत जवळजवळ एकाच ऊर्जा-पातळीवर आढळले, व पाणी आणि प्राणवायु यांचाच त्यांत हात असावा असें अनुमान निघालें. यावर स्टॅनफर्ड विद्यापीठांतील झेनान बाओ यांच्या मंडळींनीं २०१० सालीं एक चतुर मार्ग दाखविला होता. त्यांचें द्रव्य स्वतः हवेंत स्थिर असतें. अर्धवाहकाशीं मिसळून थोडी उष्णता दिली म्हणजेच तें आपला हायड्रोजन सोडून इलेक्ट्रॉन देऊं लागतें. कुलूप लावून किल्ली मागाहून द्यावी त्यांतला हा प्रकार.

२०१९ सालीं टोकियोंतील संशोधकांनीं याहूनही निराळी तोड काढली. इलेक्ट्रॉन ओढून घेणारा रेणु आणि नंतर थरांत कायमचा राहणारा ऋण आयन हा एकच कां असावा, असा त्यांनीं प्रश्न केला. पहिल्यानें इलेक्ट्रॉन ओढावा, आणि मग आयन-द्रवांतील दुसऱ्या अधिक स्थिर आयनानें त्याची जागा घ्यावी, अशी अदलाबदल त्यांनीं घडवून आणिली. त्यामुळें भेसळीची मात्राही वाढली व ती टिकाऊही झाली.

या सर्व खटाटोपाचें फळ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या खिशांत आहे, परंतु ट्रॅन्झिस्टरच्या रूपानें नव्हे. १९८७ सालीं कोडॅक कंपनींतील चिंग टांग व व्हॅन स्लाइक यांनीं सेंद्रिय प्रकाशक दिवा प्रसिद्ध केला. त्याच्या थरांत भेसळ करून तो अल्प विद्युद्दाबावर चालविण्याची विद्या ड्रेस्डेनांत वाढली, तेथून २००१ सालीं नोव्हालेड नांवाची कंपनी निघाली, व २०१३ सालीं ती सॅमसंग समूहाकडे गेली. आजच्या अनेक मोबाइल फोनांचे पडदे अशा दिव्यांचेच असतात. गंमत ही, कीं त्या पडद्यांत प्रकाश देणारें द्रव्य सेंद्रिय असलें तरी प्रत्येक ठिपक्यामागें उभा असलेला ट्रॅन्झिस्टर मात्र सिलिकनचा किंवा धातूंच्या ऑक्साइडचा असतो. दिव्यास गळतीची भीति नाहीं, म्हणून भेसळ तेथें लवकर पचली. ट्रॅन्झिस्टरास बंद होतां आलें पाहिजे, म्हणून तो मागें राहिला.

शेवटीं एका विलक्षण यंत्राचा उल्लेख करतों. वर आम्हीं भेसळीचें इकडून तिकडे भटकणें हा दोष म्हणून सांगितला. १९८४ सालीं अमेरिकेंत मार्क राइटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पॉलिपायरोलचा असा ट्रॅन्झिस्टर केला, कीं त्यांत हें भटकणेंच कामास लाविलें होतें. अर्धवाहक खाऱ्या द्रावणांत बुडलेला असतो. द्वाराच्या दाबानें द्रावणांतील आयन अर्धवाहकाच्या आंत शिरतात किंवा बाहेर येतात, म्हणजे भेसळ क्षणोक्षणीं घातली व काढली जाते, आणि त्याबरोबर प्रवाह चढतो व उतरतो. आजच्या प्रचलित नमुन्यांत पेडॉट नांवाचें पॉलिमर असतें. त्यांत भेसळ आधींच केलेली असून द्वाराचा दाब देतांच धन आयन आंत येऊन ती निष्प्रभ करतात व प्रवाह मंदावतो. हें यंत्र सावकाश चालतें, कारण आयनांची चाल इलेक्ट्रॉनांसारखी चपळ नाहीं. परंतु प्राण्याच्या शरीरांतही खारें पाणी व आयनच असतात, आणि तेथील संदेश अत्यंत क्षीण असतात. २०१३ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं असे ट्रॅन्झिस्टर पातळ लवचिक पट्टीवर बसवून ते उंदरांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ठेविले, आणि फेंफऱ्याच्या विकाराशीं संबद्ध असलेल्या विद्युत्-लहरी नेहमींच्या धातूच्या अग्रांपेक्षां अधिक स्पष्ट टिपून घेतल्या.